रब्बी आणि हरभरा

हॅमिल्टन, २००६. रविवार संध्याकाळ.

जेवण गेलं नाही. वामनकाकांचा पांढरा पडलेला चेहरा डोळ्यांपुढून हलत नाही.

आज इथल्या मराठी मंडळात माझं व्याख्यान होतं, 'रब्बींची शिकवण'. वामनकाका मुलाकडे आलेले, जन्मभर शेतकी खात्यात नोकरी केलेले. वही घेऊन पहिल्या रांगेत बसले होते. ज्यू धर्मगुरूंवर मी दहा मिनिटं बोललो, तेव्हा त्यांनी हात वर केला. "साहेब, हरभऱ्यावर कधी येणार?"

मी माइकवरून म्हणालो, "काका, खरिपाचं पुढच्या महिन्यात!" हॉल हसत सुटला. त्यांनी वही मिटली. चेहरा पांढरा.

आणि पुढे मीच मूठ आपटून सांगितलं, की चारचौघांत माणसाला लाजवणं म्हणजे त्याचं रक्त सांडणं, असं हे रब्बी मानत. चेहऱ्यावरची लाली जाते, पांढरा रंग येतो. टाळ्या पडल्या. तेव्हा मला कळलं नाही? की कळलं होतं, पण टाळ्या हव्या होत्या?

मघाशी माफी मागायला काकांना फोन केला. नातीने घेतला. "आजोबा सेज इट्स ओके." मागून त्यांचा आवाज आला, "सांग त्यांना, चूक माझीच."

अपमान माइकवरून, आणि माफी फोनवर, कोणी ऐकणार नाही अशी! मंगळवारी ते भारतात परत जाताहेत. उद्या त्यांच्या निरोपाच्या जेवणाला सगळं मंडळ असेल. तिथेच उभं राहायचं. दोन वाक्यं बोलायची आणि खाली बसायचं.

तिसरं वाक्य आत्ताच सुचलंय. फार सुंदर आहे. त्याचीच धास्ती वाटते.