पेटीत न ठेवलेला चुरा

नांदुरा,
ता. ९ मार्च १९२९

तीर्थरूप गुलाम रसूल चाचांस,

इंद्रभान शेषरावचा सलाम. इकडे सगळे बरे आहोत. सुगराबी चाचींच्या गुडघ्यांना आता उतार असावा. आई तुम्हा दोघांची रोज आठवण काढते.

इराणातून येऊन मला दीड महिना झाला. नांदुरा ते खामगाव अंतर ते किती, आणि मी अजून आलो नाही याचा तुम्हाला राग आला असेल. दोनदा निघालो होतो. दोन्ही वेळा जलंबला गाडी बदलायला उतरलो आणि खामगावची गाडी सुटेपर्यंत बाकावर बसून राहिलो. तोंड दाखवायची हिंमत झाली नाही.

तिकडे तुमच्या कय्यूमचं काम कसं होतं, असं तुम्ही माझ्या बहिणीकडून, आशाबाईकडून, विचारून पाठवलंत. सांगतो. तेल जमिनीखाली तळ्यासारखं साचलेलं असतं असं मीही समजत होतो. तसं नसतं. ते चुनखडीच्या दगडात मुरलेलं असतं, आणि तो दगड भारी लबाड. एका भोकातून तेल आवरता आवरत नाही, आणि तिथून शंभर पावलांवर त्याच दगडात चार महिने खपून थेंब मिळत नाही. इथं दगड घट्ट, तिथं भेगांनी पोखरलेला. तेल आणि वायू धावतात ते भेगांतून. म्हणून साहेब खालच्या दगडाच्या लांब कांड्या काढायला लावायचे, मुसळाएवढ्या जाड. कय्यूम भोक पाडायच्या यंत्रावर होता. वर आलेला दगड धुऊन पेटीत ओळीनं लावायचं काम माझं. गवंड्याचा मुलगा, याला दगडाची पारख असेल, म्हणून दिलेलं.

जे येईल ते सगळं ठेवायचं, असं तेल कंपनीच्या मुनशीनं मला बजावलं होतं. पण घट्ट दगड सलग येतो आणि भेगांचा दगड येतो चुरा होऊन. वडिलांनी किती गावच्या विहिरी बांधल्या ते तुम्ही जाणता, त्यांच्या पहारी तुमच्याच भट्टीत घडायच्या. ठिसूळ गोटा मालकाच्या नजरेला पडू देऊ नये, ढिगाऱ्यावर फेकावा, हे मी त्यांच्या हाताखाली शिकलो. साहेबापुढे चुरा मांडायची मला लाज वाटली. मी तो शेडमागं फेकला आणि साबूत कांड्या एकमेकींना भिडवून पेटी भरली. पेटी इतकी देखणी झाली की साहेबानं माझी पाठ थोपटली. दगड घट्ट आहे, खाली वायूची भीती नाही, असं त्यानं पेटीवरून ठरवलं. वायू दाबून ठेवायला भोकात जड चिखल भरलेला असतो, तो काम लवकर उरकावं म्हणून पातळ करवला.

एवढं कंपनीच्या कागदात नाही. पुढचं तर कुणालाच ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी कय्यूम यंत्र थांबवून माझ्याकडे आला.

“इंद्या, खाली गोटा फुटून राह्यला का बे? मले हाताले थरथर लागते.”

“पेटी पाह्य ना. सारा गोटा सलग हाय,” मी म्हणालो.

त्यानं पेटी पाहिली आणि मान हलवून परत गेला. चुरा आठ हातांवर पडला होता, चाचा. मी नुसतं बोट दाखवलं असतं तरी त्यानं यंत्र चालू केलं नसतं. तासाभरात वायू उसळला आणि बॉयलरच्या आगीवर गेला. कय्यूम, खामगावचे उकंडराव आणि आणखी तिघं गेले.

मी काय केलं ऐका. चुरा टोपलीत भरून ओढ्यात टाकून आलो. चौकशीत मुनशीनं लिहिलं की कय्यूमनं बिडी पेटवली, आणि त्याखाली साक्षीदाराची सही माझी आहे. गेलेल्या माणसाला काय फरक पडतो, अशी मी मनाची समजूत घातली. कय्यूम बिडीला शिवत नव्हता हे तुमच्याइतकंच मलाही ठाऊक होतं.

परवा आशाबाई आली. तुम्ही उकंडरावांच्या भावाच्या, रंगरावांच्या, दारी गेलात, डोक्याचा साफा त्यांच्या उंबऱ्यावर ठेवलात आणि मुलाच्या बिडीबद्दल माफी मागितलीत, असं ती म्हणाली. रंगरावांनी दार लावून घेतलं म्हणे. ते ऐकून हे पत्र लिहायला बसलो.

हे पत्र हवं त्याला वाचून दाखवा. हाच मजकूर रंगरावांना आणि कंपनीला याच टपालानं पाठवतो आहे. बाजाराच्या दिवशी मी आधी रंगरावांच्या दारी जाईन, मग तुमच्याकडे येईन. तुम्ही हात उचललात तर मी अडवणार नाही.

तुमच्याकडे माफी मागत नाही, चाचा. माझ्या वाटची माफी तुम्ही मागून बसलात, आता आणखी एक मागायला मला तोंड नाही.

ज्याच्या शब्दावर तुमचा मुलगा परत यंत्राकडे गेला, तो
इंद्रभान