मोठ्या डॉक्टरांचा हात

४ जून, पहाटे
पुन्हा तोच आवाज आठवला. एक्स-रेची फिल्म झटकली की व्हायचा तो, पत्र्यावर वारा आदळल्यासारखा. ऑपरेशन चालू असताना मोठ्या डॉक्टरांना ग्लोव्हज घातलेल्या हातांनी इतर कशाला शिवता येत नसे. ते बोट हलवत, मी फिल्म दिव्यापुढे धरत असे. अठ्ठावीस वर्षं त्यांचा तिसरा हात मी. शाळेतल्या कवितांतसुद्धा अशी जोडी नाही.

५ जून
आता तिथे यंत्र. हवेत हात फिरवला की पडद्यावरचं चित्र सरकतं. हात लावायला नको, फिल्म धरणारा मामाही नको. मार्चमध्ये मला नारळ दिला.
संकल्प : कुढायचं नाही. महिन्याभरात बोलावणं येणारच.

९ जून
थिएटरच्या सिस्टरचा फोन. यंत्र मोठ्या डॉक्टरांचं ऐकत नाही म्हणे. चित्र मागे न्यावं तर पुढे पळतं. मी हळहळलो. फोन ठेवून दोन कडवी म्हटली, चालीवर.

१० जून
मॅनेजमेंटला अर्ज लिहिला. ‘डॉक्टरांचा हात गेली तीन वर्षं किंचित थरथरतो. त्यातली थरथर कुठली आणि इशारा कुठला, हे फक्त मला कळतं. यंत्रास हे काव्य काय उमगणार?’ सूनबाई म्हणाली, बाबा, थरथरीचं वाक्य काढा. अगं, तोच तर हुकमाचा एक्का! तिच्या शब्दाखातर सुरुवातीला रचलेली आर्या तेवढी गाळली.

१७ जून
उत्तर आलं. पत्राची गंभीर दखल, चौकशी सुरू. यंत्राचे दिवस भरले. युनिफॉर्म घालून पाहिला. कापड आटलंय.

२३ जून
सिस्टर फोन उचलत नाही. माझ्या स्वागताच्या गडबडीत असेल.

२६ जून, संध्याकाळी सव्वासहा
बेल वाजली. दारात साक्षात मोठे डॉक्टर. इतक्या वर्षांत कधी घरी आले नव्हते. न्यायलाच आले, वाटलं.
म्हणाले, यंत्र इतर सगळ्यांचे हात बिनचूक ओळखतं. मग त्यांच्या हाताची तपासणी झाली. मीटिंगमध्ये माझा अर्ज मोठ्यानं वाचला. आजपासून त्यांची ऑपरेशनं बंद.
“तीन वर्षं दिसत होतं, मामा. मला का नाही सांगितलंत?”
तुम्हाला वाईट वाटलं असतं, म्हणालो. त्यांनी दारात बूट काढले. आत येऊन बसले.
सूनबाई चहा ओतत होती. त्यांचा कप अर्धाच भर, अशी मी तिला लांबूनच खूण केली.
ती खूण त्यांनी पाहिली.