जहाजाची टाकी अंगावर घेतली

३ फेब्रुवारी
काम मिळालं. विमानवाहू जहाजाच्या पोटातल्या एका टाकीचे गंजलेले पत्रे बदलायचे. कळंबोलीच्या आपल्या शेडमध्ये आजवर नुसती गेटं आणि ग्रिलं. मुख्य कंत्राटदार जेवढं लोखंड बसेल तेवढ्याचा, किलोवर दर देत होता. म्हटलं, कटकट नको, अंगावर घेते, एकच रक्कम. बिल्डरांची कामं मी अशीच घेते. तो फार पटकन हो म्हणाला. माझ्या बोलण्याची छाप पडते.
भांडवलासाठी सासूबाईंचा, सरकारने घेतलेल्या शेतीच्या बदल्यात मिळालेला साडेबारा टक्क्यांचा प्लॉट गहाण. त्यावर त्यांना घर बांधायचंय. दीड महिन्याचा तर प्रश्न. टाकी आतून बघितलीस का, असं हरेशने विचारलं. नवरे विचारतातच. टाकी ती टाकी.

१७ फेब्रुवारी
नौदलाच्या गोदीत रोज गेटपास, झडती, वेल्डिंगचा परवाना. काम सुरू व्हायला अकरा वाजतात. उद्या पनवेलहून पहाटेच निघायचं.

१८ फेब्रुवारी
अकराच वाजले.

१ मार्च
नियाज वेल्डरने रंग खरवडला. रंगानेच पत्रा धरून ठेवला होता. पत्रा काढला, तर मागचा सांगाडाही गेलेला. मॅडम, एक दात उपटायला गेलो, आख्खा जबडा हातात आला, म्हणाला. त्याला पॉझिटिव्ह राहायला सांगितलं.

९ मार्च
स्वतः टाकीत उतरले. म्हणजे अर्धी. तोंड लहान आहे, कमरेशी अडकले. तेवढ्यात नौदलाचे साहेब आले. मॅडम, नमस्कार नंतर करा, आधी श्वास सोडा, असं नियाज खालून म्हणाला. त्याच अवस्थेत साहेबांना कामाची प्रगती सांगितली.
भात बंद. सोमवारपासून.

२ एप्रिल
टीव्हीवर वाद. एका जहाजाच्या दुरुस्तीला इतके कोटी कशाला? पूर्वी मीच म्हणायचे, सगळे खातात. हरेश माझ्याकडे बघत होता. चॅनेल बदललं.

२० एप्रिल
काम सोडायचं ठरवलं. मग करार वाचला. सोडलं तर अनामत जाणार, वर दंड, आणि प्लॉटही जाणार. पुरं केलं तर फार तर प्लॉट. पुरं करणंच फायद्याचं.

११ मे
सासूबाईंनी विचारलं, मनिषा, घराचा जोता कदी घालाचा गो? दिवाळीनंतर म्हटलं. कुठल्या, ते त्यांनी विचारलं नाही.

२६ जून
टाकी पास झाली. पाण्याने भरून झाकण लावलं. आता आतलं काम कोणाला दिसायचं नाही. साहेब म्हणाले, उत्तम.
दुपारी प्लॉट विकल्याचं खरेदीखत. कर्ज फिटलं. सासूबाईंनी सावकाश सही केली. येताना रिक्षात विचारलं, बोट तरी बरी झाली ना? हो म्हटलं. एवरी मोठी हाय, तिचा दुखणाही मोठाच, म्हणाल्या, आणि माझ्या मांडीवरची जड पिशवी स्वतःकडे घेतली.
तोटा भरून निघावा म्हणून शेजारची टाकीही घेतलीय, हे सांगायचं राहिलं. बाहेरून तरी चांगली दिसते.