काळा स्पंज

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर, १० नोव्हेंबर २०२४

ती. सौ. आक्कास,
महेश्वरीचा सा. न. वि. वि.

तुला फोनवर नीट ऐकू येत नाही आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून पत्र. माझे मासे मेले. सगळे.

दिवाळीला आमच्या पूनमवन्सं माहेरपणाला आल्या होत्या. चार-पाच दिवसांनी नळाला पाणी आलं तशा पदर खोचून उठल्या. पाणी आलं की शिळं ओतून भांडी घासायची, हा आपल्याकडचा नेमच. पण त्यांनी घागरींबरोबर माशांची टाकीही रिकामी केली, फिल्टरचा काळा पडलेला स्पंज साबणाने घासला आणि नळाचं औषध मारलेलं पाणी भरलं. संध्याकाळपर्यंत मासे उलटे. त्या स्पंजवरच्या बुळबुळीत थरात जंतू असतात, ते माशांच्या घाणीतलं विष पचवतात. ते धरायलाच महिना लागतो गं.

एवढ्यावर मी गप्प बसले असते. पण भाऊबीजेला सगळ्या बायकांसमोर वन्सं म्हणाल्या, की वहिनीच्या हाताखाली जीव म्हणून टिकत नाही. माझे दोन गर्भ पडले, हे तिथल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. हे खाली मान घालून करंजी खात राहिले.

मी टाकी पुन्हा लावली आहे. जंतू धरावेत म्हणून रिकाम्या पाण्यात रोज चिमूटभर खाद्य टाकते. आता पुढच्या महिन्यात वन्संचा जुळे सोलापूर भागात गृहप्रवेश. हॉलमध्ये भली मोठी टाकी, कोरा स्पंज, आणि पूजेच्याच दिवशी मासे सोडणार. आठवडाभर पाहुण्यांची ये-जा, तेवढ्यात एकेक उलटा होईल. मला सगळं कळतं आणि मी तोंडाला कुलूप लावणार आहे.

लोभ असू दे, आणि मला अडवू नकोस.
तुझी,
महेश्वरी

अक्कलकोट, २० नोव्हेंबर २०२४

चि. सौ. महेश्वरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून घास उतरेना. तिची जीभ झडायला हवी होती. सूड घे, मी आडवी येणार नाही. पण मासे काय तिच्या पोटचे आहेत, तिचं पाप त्यांनी फेडायला? आणि मेले तर ती दुकानदाराच्या नावाने बोटं मोडेल, दुसऱ्या दिवशी नवे आणेल. जिव्हारी लागेल असं काहीतरी कर की.

तुझा तो स्पंज म्हणजे मला विरजणच वाटलं. माहेरी आपल्या अव्वाकडे विरजण मागायला सारी गल्ली यायची, आणि कोणाच्याही घरी दही छान लागलं की नाव अव्वाचं निघायचं. बघ विचार करून. तुझ्या दाजींचे गुडघे कुरकुरतात, बाकी ठीक.

माया आहेच. राग शिळा होऊ देऊ नकोस.
तुझी आक्का,
सुंदरम्मा

सोलापूर, २८ डिसेंबर २०२४

ती. सौ. आक्कास,
सा. न. वि. वि.

गृहप्रवेशाला गेले. साडीचा आहेर केला आणि वर माझ्या टाकीतला काळा, गिळगिळीत स्पंज अर्धा कापून, त्याच पाण्यात बुडवून डब्यातून नेला. वन्सं किंचाळल्याच. पांढऱ्याशुभ्र हॉलमध्ये ही घाण! मी सगळ्यांसमोर सांगितलं, की हा घातला तर मासे जगतील, आणि पाणी आल्या दिवशी हा धुतला तर मरतील. मासे सोडायला आलेल्या दुकानदारानेही मान डोलावली. मग काय करतात बिचाऱ्या, घातला टाकीत!

मासे सगळे जिवंत आहेत. येणारा-जाणारा टाकीचं कौतुक करतो, मग तो काळा गोळा कसला म्हणून विचारतो, आणि वन्संना माझं नाव घ्यावं लागतं. नळाला पाणी आलं की घागरी घासून त्यांचा फोन येतो, आता तरी धुऊ का म्हणून. मी नको म्हणते. त्या दिवशी मला दोन घास जास्त जातात, तुझ्याशी खोटं कशाला बोलू?

खरं तर टाकीतून काढलेल्या पाण्यात तो हलक्या हाताने खळबळला तर चालतो. हे मी त्यांना सांगितलेलं नाही. दिवाळीत बोलल्या त्याबद्दल त्या अक्षर काढत नाहीत. त्याच बायकांच्या देखत माफी मागतील, त्या दिवशी सांगेन. तोवर बघत बसू देत.

दाजींना नमस्कार. माझ्यावर माया कमी करू नकोस, मी अशीच आहे.
तुझी,
महेश्वरी