घर रिकामं ठेवू नये

प्रिय आत्या,

हे पत्र मी जाड काळ्या पेनाने मोठ्या अक्षरात लिहितोय, म्हणजे तुला डाव्या डोळ्याने वाचता येईल. एका पानावर जेमतेम थोड्या ओळी मावतात, त्यामुळे पानांचा गठ्ठा झालाय. डोळा दुखायला लागला की थांब, थेंब घाल, मग पुढचं वाच. शेवटचं पान आधी उघडून बघायची तुझी सवय मला माहीत आहे. या वेळी तेवढं करू नकोस. आणि शिवणवाल्या काकूंना वाचून दाखवायला सांगू नकोस. त्या हळू बोलल्या तरी आजूबाजूच्या घरांना ऐकू जातं, आणि यातलं काही फक्त तुझ्या-माझ्यातलं आहे.

फोनवर सांगणार होतो. पण परवा मी ताईताचं नाव काढल्याबरोबर तू "तपासनीस, जेवलास का रे?" म्हणालीस आणि मी हो म्हणायच्या आत फोन ठेवलास. हे नाव तूच मला दिलंस. निजायच्या आधी मी कडी ओढून बघायचो, मग शेगडी, मग नळ, मग परत कडी. तू म्हणायचीस, "झाली का तपासणी? आता सरकारी शिक्का मार आणि झोप." मी अजून तसाच आहे. हे वरचं वाक्य लिहून उठलो आणि नळ बघून आलो. बंदच होता.

आधी काकूंवर रागावू नकोस. त्यांनी मला फोन केला तो काळजीपोटी. म्हणाल्या, "अरे, तुझ्या आत्याला कुणीतरी समजाव बाबा. डॉक्टर सांगून दमले, काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही, उरलीय ती तरी राखू या. ऑपरेशनसाठी दोन रात्री दवाखान्यात काढायच्या, बास. आणि ही बाई म्हणते घर सोडता येत नाही! मागची तारीख घालवली, आता ही पण घालवणार." मग त्यांनी सांगितलं की त्या स्वतः तुझ्या घरात येऊन बसायला तयार होत्या, अगदी शिलाई मशीन उचलून आणणार होत्या, तर तू त्यांना ताईताबरोबर आलेलं पत्रक दाखवलंस. घरात रक्ताचंच माणूस हवं. "आता माझं रक्त काय पाणी आहे का रे?" असं त्या मला विचारत होत्या. मी फक्त विचारलं, ताईत कसा आहे? त्या म्हणाल्या, तांब्याची नळी, दाराच्या चौकटीला टांगलेली, ती आली त्या डब्यावर दाढीवाले बाबा. मी फोन हातात धरून जिन्याच्या पायरीवर बसलो.

आत्या, तो ताईत आमच्या कंपनीचा आहे. हे तुला माहीत आहे, कारण घरोघर फिरणाऱ्या बाईने डबा दाखवल्यावर तू तिला म्हणालीस म्हणे, "अगो, इथे तर आमचा भाचा आहे! तो असेल तिथे चूक व्हायची नाही." काकूंनी हेही सांगितलं. तेव्हापासून मला धड बसवत नाही. जेवतानाही उठून उभा राहतो.

आता कंपनी म्हणजे काय ते ऐक. मी तुला "धार्मिक वस्तूंच्या कंपनीत लिखाणाचं काम" एवढंच सांगत आलो. टायरच्या दुकानाच्या वर एक लांबट खोली आहे. एका टेबलावर बायका तांब्याचा पत्रा पेन्सिलीवर गुंडाळून नळ्या करतात. दुसऱ्या टेबलावर त्यात चिमूटभर माती आणि कागदाची सुरळी घालून तोंड कथलाचा डाख देऊन बंद करतात. माती रोपवाटिकेच्या पोत्यातली, पवित्र जागेतली नाही. सुरळीवर काय छापलंय ते आमच्यापैकी कुणालाच वाचता येत नाही, मालकांनाही नाही. आणि डब्यावरचे बाबा म्हणजे मालकांचे सासरे. ते कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत दिवसभर डुलक्या काढतात आणि जाग आली की मला म्हणतात, "पोरा, माझा चष्मा बघ जरा." चष्मा त्यांच्या कपाळावरच असतो. गंमत म्हणजे गुडघेदुखीसाठी त्यांच्या गळ्यात आमचाच ताईत आहे. मी एकदा विचारलं, गुण येतो का? तर म्हणाले, "डब्यावरच्या माणसाचं तेज तर बघ! असा माणूस खोटं बोलेल का?" तेव्हा मी खूप हसलो होतो.

माझी शाळा नववीत सुटली तेव्हा तू म्हणाली होतीस, अक्षर चांगलं आहे, शब्द चुकत नाहीत, याच्यावर पोट भरशील. तसंच झालं. मालकांनी पहिल्या दिवशी एक पत्रक दिलं, मी त्यातल्या सगळ्या चुका लाल पेनाने दाखवल्या, आणि ते खूश होऊन म्हणाले, "देवाच्या वस्तूवर चुका दिसल्या की माणसाला शंका येते. तू बस इथे." तेव्हापासून मी पथ्यं लिहितो. प्रत्येक ताईताबरोबर एक पत्रक जातं, काय करायचं आणि काय नाही त्याचं. ताईत कधी चुकत नाही, चुकतं ते पथ्य, असं मालकांचं साधं गणित. कुणी तक्रार घेऊन आलं की त्याला पाणी द्यायचं आणि पत्रक एकेक ओळ वाचून दाखवायचं. मध्येच कुठेतरी तो माणूस स्वतःच मान खाली घालतो आणि म्हणतो, हां, हे राहिलं खरं माझ्याकडून, आणि उठून जातो.

फक्त परतीच्या ताईताची माणसं अशी उठून जात नसत. घरातून निघून गेलेलं माणूस परत यावं म्हणून घेतात तो, तुझ्या दारावर आहे तो. ती माणसं भांडत नसत, तक्रार करत नसत, नुसती येऊन बाकावर बसत. त्यांच्यात एक रिटायर्ड ड्रायव्हर होते, त्यांची मुलगी निघून गेली होती. खाकी शर्ट, वरच्या खिशात तिचा फोटो. ते आत येऊन मला, माझ्यासारख्याला, नमस्कार करायचे आणि विचारायचे, "साहेब, अजून किती दिवस?" नवं गिऱ्हाईक जिना चढून यायचं, बाकावरचे चेहरे बघायचं आणि आल्या पावली खाली उतरायचं. मालक वैतागले. "यांना आपापल्या घरी बसवायला पाहिजे," असं म्हणून त्यांनी तिथल्या तिथे एक पथ्य सांगितलं आणि मी लिहिलं: परतीचा ताईत दाराला असेपर्यंत घर रिकामं ठेवू नये.

तू मला ओळखतेस. अर्धवट वाक्य दिसलं की मला खाज सुटते. मी विचारलं, रिकामं म्हणजे किती वेळ? दुकानात जाऊन आलं तर चालेल का? शेजारच्याला बसवलं तर? मी कुठला डाव म्हणून विचारलं नाही, आत्या, कडी ओढून बघतो तसं विचारलं. मालक माझ्याकडे असे बघायला लागले की जणू त्यांना लॉटरी लागली. "शाब्बास! लिही, क्षणभरही रिकामं ठेवू नये. आणि लिही, रक्ताचंच माणूस हवं, शेजारीपाजारी चालणार नाही." मी लिहिलं. स्वल्पविराम बघितला, छापून आल्यावर परत बघितलं. नवं पत्रक सगळ्यांना घरपोच गेलं आणि बाक रिकामा झाला. खोली शांत झाली, मला बरं वाटलं. ती माणसं आता काय करत असतील, हा प्रश्न मला पडला नाही. एरवी माझे प्रश्न संपत नाहीत.

तू काय करतेयस ते काकूंनी सांगितलं तेव्हा तो पडला. भाजी काकू आणतात. तू गच्चीवरसुद्धा जात नाहीस. आणि उजवा डोळा या बसण्यात गेला.

मी मालकांकडे गेलो आणि सांगितलं, हे पथ्य मागे घ्या, माझी आत्या आंधळी होतेय. ते वाईट बोलले नाहीत. "अरे, घरचं माणूस आहे तर तिला सूट दे," म्हणाले, जसं काही ताईत म्हणजे दुकानातलं कापड. "बाकीच्यांना?" म्हटलं, तर मोबाइल बघायला लागले. मग मी पोलीस चौकीत गेलो. तिथल्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, तुझी काय फसवणूक झाली? ज्याची झाली त्याला घेऊन ये, इथे येऊन सही करू दे. आता सांग, कुणाला नेऊ? ज्यांची फसवणूक झाली ते सगळे घर सोडत नाहीत, आणि सोडू नये हे मीच लिहून दिलंय.

तरी मी ड्रायव्हरकाकांकडे गेलो. दार सताड उघडं, ते समोरच खुर्ची टाकून बसलेले. दाढी वाढलेली, पायात चपला नाहीत. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, माती, सुरळी, बाकावरून उठवायला काढलेलं पथ्य, सगळं. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं. मग म्हणाले, "तू खोटं बोलत नाहीस, बाळा, दिसतंय मला. पण समजा मी उठलो आणि नेमकी ती आली, तर?" मी पाण्याचा पेला खाली ठेवला. मी निघालो तर तेच म्हणाले, "जपून जा, पायरी मोडलीय."

म्हणून आत्या, हे पत्र वाचून तू ताईत काढून फेकशील असं मी धरून चाललेलो नाही. मी खरं लिहिलंय. पटलं तर उत्तम. नाही पटलं तर का नाही पटणार, तेही मला ठाऊक आहे. तुझा लेक, आपला दादा, निघून गेला त्या संध्याकाळी मी घरातच होतो. तू रागाच्या भरात त्याला म्हणालीस, "हे घर म्हणजे धर्मशाळा नाही, पुन्हा येशील तेव्हा दार उघडं मिळणार नाही." तो चप्पल घालून गेला. तू मला म्हणालीस, कडी घाल. मी घातली आणि नेहमीसारखी ओढून बघितली. त्यानंतर आपण दोघं त्या वाक्याबद्दल कधी बोललो नाही. तू त्याला जेवणाचा नवा डबा घेऊन ठेवलास, त्याची उशी उन्हात घालत राहिलीस, पण ते वाक्य नाही काढलंस. मग कुणीतरी दारात येऊन सांगितलं की घर रिकामं ठेवू नका, तो येईल, आणि तू बसलीस. तुला मूर्ख कोण म्हणेल? मी तर नाही. दादा कुठे आहे मला माहीत नाही. ताईतालाही माहीत नाही. पण तू का बसलीस ते मला माहीत आहे.

हे शेवटचं पान. आधी उघडलं असशील तर पुन्हा मागे जा.

मी कंपनी सोडली. सोमवारच्या पहिल्या बसने तुझ्याकडे येतोय. मंगळवारची तारीख मी दवाखान्यात फोन करून पक्की केली आहे, दोनदा विचारून. काकू तुझ्याबरोबर येतील, त्यांनी शिवायचं काम पुढे ढकललंय. पिशवीत थेंब, जुने कागद आणि शाल घाल, राहिलं तर मी घालतो. तुझ्या घरात मी बसेन. मी तुझ्या सख्ख्या भावाचा मुलगा, पत्रकात बसतो. ते वाक्य मीच लिहिलंय, त्यात पळवाट ठेवलेली नाही, म्हणून खात्रीने सांगतो. तू परत येईपर्यंत मी दुकानातही जाणार नाही, गच्चीवरही नाही. आणि कडी घालणार नाही. ओढून बघायलाही उठणार नाही, हे लिहून देतो. दादा आला तर त्याला चहा देईन, कुठे होतास म्हणून विचारणार नाही. एवढंच सांगेन की आई दवाखान्यात गेलीय, तुला नीट बघता यावं म्हणून.

तुझाच,
तपासनीस