फुगलेलं नाव

हर्सूल, औरंगाबाद
९ मे २००७

तीर्थरूप आत्याबाईंना,

आशाचा नमस्कार, लांबूनच.

इकडं सगळं ठीक. फकिरादादाला दुसरी मुलगी झाली. आईचे पापड वाळताहेत. अक्षर मोठं आणि वाकडं आलंय, तेवढं चालवून घ्या.

तुमच्याकडचे तात्यासाहेब मध्यस्थ म्हणून तुमचा निरोप घेऊन आले होते. माझा डोळा लग्नाआधीपासूनच अधू होता, असं मी लिहून द्यायचं म्हणे. मग फारकत, मग तुमच्या बद्रीनाथचं दुसरं लग्न. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच!

जत्रेतलं गोंदण आठवतंय ना? मी हिरवं मागत होते. तुम्ही म्हणालात, "हिरवं म्हाताऱ्यांचं. लालभडक काढ रं, सवाष्ण हाये ती." मशीनवाल्यानं माझ्या मनगटापासून कोपरापर्यंत तुमच्या लेकाचं नाव काढलं. पुढं अक्षरं सुजली, खाजून रक्त यायला लागलं. तुम्ही गावातल्या, शेंद्र्यातल्या बायका बोलावून हात दाखवलात. "बघा, नाव फुगतंय. माझ्या लेकाचं आयुष्य वाढतंय!" मलाही तेव्हा बरं वाटलं होतं.

मग गुडघे धरले, डोळे लाल झाले. तुम्ही म्हणालात, कामाची चोर. दवाखान्याचं नाव काढलं तर, "नावाला डाक्टरचा हात लागला तर नवऱ्यावर येतं, नाय जायचं." अंगारा लावत राहिलात. तुमचा लेक शेजारी उभा राहून ऐकत होता. दादानं उचलून आणलं नसतं तर आज ही चिठ्ठीसुद्धा लिहिता आली नसती.

इथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी पुण्याला मोठ्या डॉक्टरीणबाईंकडं धाडलं. त्यांनी हाताच्या कातडीचा तुकडा काढून तपासला. म्हणाल्या, तो लाल रंग शरीरानं परका म्हणून ओळखला आणि त्याच्याशी भांडता भांडता शरीर आपल्याच सांध्यांवर, डोळ्यांवर उठलं. डाव्या डोळ्यानं मला आता फक्त उजेड कळतो. उजवा औषधांवर आहे. तो टिकायचा तर रंग कातडीसकट काढायला हवा, लवकर.

मी म्हटलं, थोडं थांबा. आधी एका घरी जाऊन यायचंय.

बाई चिडल्या, आई रडली. पण नाव हातावर होतं तोवरच जायला हवं होतं. फुलंब्रीला गेले, तुमच्या होणाऱ्या विहीणबाई आवडाबाईंकडं. त्यांना वाचता येत नाही. मी बाही वर केली आणि त्यांचं बोट धरून एकेका अक्षरावरून फिरवलं. शेवटच्या अक्षराशी त्यांनी बोट थांबवलं. मग विचारलं, "माझ्या पोरीलाबी गोंदणार व्हते?" मी म्हटलं, "व्हय. लालच." त्यांनी आत जाऊन साखरपुड्याची साडी आणली, माझ्यासमोर परत पाठवायला बांधून ठेवली.

आज ती साडी तुमच्या दारात पोचली असेल. घडी मोडलेली नाही, बघून घ्या. पुढं जिथं सोयरीक जमवाल तिथंही मी जाईन. नाव नसलं तरी व्रण असेल.

आज रात्रीच्या गाडीनं निघतेय, उद्या सकाळी पुण्यात नाव कापून काढणार आहेत. नवऱ्यावर येतं म्हणत होतात ना? येऊ द्या. मी उजव्या डोळ्यानं वाट बघतेय.

तुमची कुणी नसलेली,
आशा रामकिसन