कंट्रोलवरची पोरगी

अहो,

अक्कांना दुपारचं औषध दिलंय. वरण कुकरमध्ये आहे. संध्याकाळच्या गाड्यांचे वॉकीटॉकी चार्जिंगला लावलेत. टेबलावरचा कंट्रोलचा मोठा सेट चालूच ठेवलाय, आता त्यावर तुम्हीच बसा.

काल देवासला बसमालकांच्या कारमध्ये बसलात, तेव्हा तुमच्या सेटचं बटण मांडीखाली दबलं होतं. तुमच्या लक्षातही आलं नसेल. हे सिमवाले सेट बसवल्यापासून देवासचं बोलणं इथे धारला, शिवाय रस्त्यावरच्या सगळ्या बसमध्ये ऐकू येतं. मालकांनी विचारलं, “कंट्रोल पे कौन बैठता है?” तुम्ही म्हणालात, “रखी है एक लड़की. उसको क्या, बस बटन दबाना है.” मग दोघं हसलात.

एकाचं बटण दाबलेलं असलं की दुसऱ्याला बोलता येत नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत. म्हणून नुसती ऐकत बसले.

तुमचं बटण सुटलं तसा मनावर गावाच्या बसचा ड्रायव्हर तुकाराम भिया घाईघाईने बोलला, “भाभी, हमको तो कुछ सुनाई नहीं दिया.” मी त्याला काही विचारलंच नव्हतं.

त्याच्याच बसने मी माहेरी मनावरला जातेय. मला फोन करू नका. बसमध्ये सेट आहे. कंट्रोलवर बसणारी तुमची कोण लागते, ते त्यावर सांगा. या वेळी बटण मुद्दाम दाबा.

शिखा